पंधरा मिनिटांत काय काय बसतं?

प्रति,
हाउस ऑफ कॉमन्सचे सर्व सदस्य,
वेस्टमिन्स्टर, लंडन

जानेवारी 2026

स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमची मतदार आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असेल तर त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, हे मलाही इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. 4 जुलै 2024 ला, निवडणुकीच्या दिवशी, सकाळचा रन, म्हणजे घरोघरच्या भेटींची फेरी, संपवला आणि केअररचा निळा ट्युनिक अंगात तसाच ठेवून मत टाकून आले. तेव्हा हे पत्र पाहुणीचं नाही, याचनेचंही नाही. रांगेत उभं राहून ज्यांच्यासाठी मत दिलं, त्यांना जाब विचारते आहे, एवढंच.

इंग्रजी प्रत तुमच्याकडे रवाना झाली आहे. मराठीत लिहिते ती माझ्यासारख्यांसाठी. लेस्टर, डर्बी, लीड्समध्ये घरोघर फिरून म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या आणि फोनवर घरच्यांना ‘सगळं छान चाललंय’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांसाठी. माझ्या नणंदेची अजून समजूत आहे की मी हॉस्पिटलात नोकरीला आहे. मीही ती कधी मोडलेली नाही.

मी होम केअरर आहे, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन त्यांची काळजी घेणारी, ईस्ट मिडलंड्समधल्या एका शहरात. आधी सात वर्षं नर्स होते. सप्टेंबर 2022 मध्ये हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर आले, पाठोपाठ नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. तेव्हा तुम्हाला केअरर हवे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत तुम्हीच आमचं काम माणसांचा तुटवडा असलेल्या कामांच्या यादीत घातलं होतं.

सकाळच्या रनमधला माझा तिसरा कॉल, म्हणजे घरभेट, एक्क्याण्णव वर्षांच्या एका बाईंचा. मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्या मला ‘मी डक’ म्हणतात. इकडच्या बोलीत ते आपल्या ‘बाळा’सारखं. कॉल पंधरा मिनिटांचा. की-सेफचा कोड दाबून किल्ली काढायची, दार उघडताच मोठ्याने हाक मारायची, नाहीतर अंधारात माणूस दिसलं की त्या दचकतात. फोन दाराजवळच्या टॅगला लावला की घड्याळ सुरू. हातमोजे, एप्रन. त्यांना कुशीवर वळवून पाय खाली सोडायचे आणि दोन मिनिटं तसंच बसू द्यायचं, एकदम उभं केलं तर चक्कर येते. रात्रीचा पॅड काढायचा, कमोडवर बसवायचं, धुवायचं, कोरडं करायचं, माकडहाडाशी कातडी लाल झाली नाही ना ते निरखायचं, क्रीम लावायचं. मग कपडे. मग ब्लिस्टर पॅकमधल्या पाच गोळ्या. त्या गोळ्या गालात धरून ठेवतात, म्हणून गिळल्याची खात्री करायची. किटली, टोस्ट. चार्टवर सही, ॲपमध्ये नोंद, लॉग आउट.

हे पंधरा मिनिटांत बसत नाही. कोंबून बसवलं तर काहीतरी गळतं, आणि दर वेळी गळतं ते बोलणं. आजींच्या खुर्चीसमोर त्यांच्या यजमानांची खुर्ची आहे. तीन वर्षांत तिच्यावर मी एकदाच बसले. पुढच्या कॉलचे आजोबा रात्रीतून हॉस्पिटलात हलवल्याचा मेसेज आला, त्या दिवशी. त्या वीस मिनिटांत मला कळलं की आजी चाळीस वर्षं होजिअरीच्या कारखान्यात मोजे शिवत होत्या. माझ्या पायातले मोजे बघून त्यांनी शिलाईला नावंही ठेवली.

तर पहिली तक्रार या पंधरा मिनिटांबद्दल. नाइस ही आरोग्य आणि काळजीचे निकष ठरवणारी तुमचीच संस्था. तिने सप्टेंबर 2015 मध्ये सांगून ठेवलंय की घरी जाऊन काळजी घेताना भेट सहसा अर्ध्या तासाहून कमी नसावी. लहान भेट ठरावीक छोट्या कामासाठी, ओळखीच्या केअररकडून आणि मोठ्या आखणीचा भाग म्हणून चालेल. केअर ॲक्टच्या, म्हणजे काळजीसेवेच्या कायद्याच्या, मार्गदर्शिकेतही आहे की अंगाला हात लावून करायच्या कामांना पंधरा मिनिटांच्या भेटी योग्य नाहीत. म्हणजे काय योग्य ते तुम्हाला माहीत आहे. लिहूनही झालं आहे. माझ्या रोट्यापर्यंत, म्हणजे कामाच्या वेळापत्रकापर्यंत, ते पोचलेलं नाही.

दुसरी तक्रार पगाराच्या चिठ्ठीची. मी साडेसहाला घर सोडते, दीडपर्यंत पहिला रन. चार ते साडेनऊ दुसरा. साडेबारा तास गणवेशात, आणि चिठ्ठीत भरतात सव्वाआठ. मधले सव्वाचार तास गाडीत, सिग्नलला आणि पार्किंग शोधण्यात जातात. एका कॉलवरून दुसऱ्या कॉलला जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात कामाचाच धरायचा, असा तुमचा कायदा आहे. मी विचारलं, तेव्हा रोटा बघणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘ते माइलेजमध्ये आलं.’ माइलेज हे पेट्रोलचे पैसे. वेळेचे नव्हेत. पण मी पुन्हा विचारलं नाही. का, ते पुढे सांगते.

कंपनीला बोल लावून मोकळं होता आलं असतं. पण कंपनीला काम देते काउन्सिल, म्हणजे इथली पालिका, आणि दर ठरतो तो काउन्सिलच्या तिजोरीत किती खडखडाट आहे त्यावर. 2023 मध्ये बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम या दोन काउन्सिलांनी कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे खर्च झेपत नाही हे जाहीर कबूल केलं. सोशल केअरसाठी, म्हणजे म्हाताऱ्या-अपंग माणसांच्या काळजीसेवेसाठी, काउन्सिल टॅक्सवर, म्हणजे इथल्या घरपट्टीवर, जादा आकारणीची मुभा तुम्ही 2016 पासून दिलीत खरी. पण इंग्लंडात हा टॅक्स आजही घरांच्या 1 एप्रिल 1991 च्या किमतीवर बसतो. माझ्या सहकाऱ्यांपैकी निम्म्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. जिथे घरं महाग तिथे जादा आकारणीतून पैसा जमतो. जिथे म्हातारी माणसं गरीब आणि आजारी, तिथे चिल्लर. त्यात एप्रिल 2025 पासून मालकांनी पगारामागे सरकारला भरायचा राष्ट्रीय विमा 13.8 टक्क्यांवरून 15 वर गेला आणि तो ज्या पगारापासून लागतो ती रेषा 9,100 पौंडांवरून 5,000 वर आली. एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, तुम्ही भरपाई दिलीत. खासगी केअर कंपन्यांना नाही, आणि इंग्लंडातली बहुतेक काळजीसेवा त्यांच्याच हातात आहे. त्यांनी तो पैसा कुठून काढला असेल? रोट्यातून.

तिसरी गोष्ट खरं तर पहिली आहे, सगळं तिथूनच सुरू होतं. 5 जुलै 1948 ला एनएचएस सुरू झाली, उपचार सर्वांना मोफत. त्याच दिवशी दुसरा कायदाही लागू झाला, नॅशनल असिस्टन्स ॲक्ट, आणि म्हातारपणची काळजी खिशाच्या ऐपतीवर सोडली गेली. ती रेघ आजवर पुसलेली नाही. कॅन्सर झाला तर देश बरोबर येतो. स्मृतिभ्रंश झाला की आधी बँकेचं पासबुक मागतात. 23,250 पौंडांहून जास्त शिल्लक असेल तर सगळा खर्च तुमचा, आणि केअर होममध्ये जावं लागलं तर, मागे नवरा-बायको कुणी राहत नसल्यास, घरही त्या शिलकीत धरतात. हा आकडा 2010 पासून तसाच आहे. पावापासून घरभाड्यापर्यंत सगळं वाढलं, हा एक आकडा तेवढा समाधी लावून बसला आहे.

आणि त्यावरच्या उपायांचं भिजत घोंगडं! मी बाहेरून आलेली बाई, म्हणून सुट्टीच्या दिवशी लायब्ररीत बसून हे मुद्दाम वाचलं. 1997 मध्ये टोनी ब्लेअर यांनी पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं की काळजीसाठी म्हाताऱ्यांना घर विकावं लागेल अशा देशात आपली मुलं वाढायला नकोत. सदरलंड आयोगाने 1999 मध्ये अंघोळ, कपडे, जेवण भरवणं अशी वैयक्तिक काळजी मोफत द्या म्हणून शिफारस केली. स्कॉटलंडने 2002 मध्ये ती स्वीकारली, इंग्लंडने बाजूला ठेवली. 2011 मध्ये अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने सुचवलं की माणसाने आयुष्यभरात स्वतःच्या खिशातून साधारण 35 हजार पौंड घालावेत, त्यापुढचं सरकारने बघावं. 2014 च्या केअर ॲक्टमध्ये मर्यादेची तरतूद झाली. मग आकडा ठरला 72 हजार, तारीख एप्रिल 2016. ती 2015 मध्ये 2020 वर ढकलली, नंतर सोडूनच दिली. जुलै 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी डाउनिंग स्ट्रीटवर दारासमोर उभं राहून हा प्रश्न कायमचा सोडवू म्हटलं. 2021 मध्ये नवा आकडा, 86 हजार, नवी तारीख ऑक्टोबर 2023. त्यासाठी राष्ट्रीय विम्यावर सव्वा टक्का जादा घ्यायला एप्रिल 2022 मध्ये सुरुवात झाली आणि नोव्हेंबरात ते बंद झालं. तारीख गेली ऑक्टोबर 2025 वर. जुलै 2024 मध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी तीही रद्द केली. मी मत टाकून आले त्याच महिन्यात.

आता सोशल केअरवर लुईस केसी यांचा आयोग आहे. पहिला अहवाल 2026 मध्ये, दुसरा 2028 पर्यंत, असं ठरलं. केसीबाई कणखर आहेत असं सगळे म्हणतात, असतीलही. पण केअर ॲक्टमधलं मर्यादेचं कलम, कलम 15, पुस्तकात तसंच पडून आहे. पत्रिका छापून झाल्या, मांडव पडला, लग्न लागलंच नाही. डिल्नॉट यांचा अहवाल आला तेव्हा माझ्या आजी शहात्तर वर्षांच्या होत्या आणि बसने बाजारात जात होत्या. 2028 मध्ये त्या त्र्याण्णवच्या असतील. म्हाताऱ्या माणसांकडे मुदत मागताना तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?

त्या हॉस्पिटलात हलवलेल्या आजोबांचं सांगायचं राहिलं. आठ दिवसांत ते बरे झाले आणि पुढे पाच आठवडे तिथेच पडून राहिले, कारण आता त्यांना डबल-अप हवा होता, म्हणजे एका वेळी दोन केअरर, आणि दुसरा केअरर मिळत नव्हता. अशा, घरी जायला मोकळ्या पण जाऊ न शकणाऱ्या माणसांनी इंग्लंडातल्या हॉस्पिटलांच्या दहा हजारांहून जास्त खाटा रोज अडलेल्या असतात. माझी पंधरा मिनिटं कापून वाचवलेला पैसा तिकडे त्या खाटांवर जातो. हा हिशेब ट्रेझरीत, तुमच्या अर्थखात्यात, कुणी मांडतं का?

चौथी तक्रार माझी नाही, एका लेकीची. आई अंथरुणाला खिळलेली, मी सकाळ-संध्याकाळ जाते, उरलेलं सगळं तीच करते. ती एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये किमान वेतनावर, 2025-26 च्या दराने तासाला 12.21 पौंडांवर, आठवड्याला सोळा तास काम करते. कमाई 195 पौंड 36 पेन्स. केअरर्स अलाउन्स, म्हणजे बिनपगारी काळजी घेणाऱ्यांचा सरकारी भत्ता, मिळण्यासाठी त्या वर्षीची कमाईची मर्यादा 196 पौंड. मध्ये अंतर चौसष्ट पेन्सचं. मर्यादेच्या आत असेल तर आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त केलेल्या काळजीचे तिला 2025-26 च्या दराने 83.30 पौंड मिळतात. एक पौंड जरी वर गेली तर त्या आठवड्याचे सगळेच्या सगळे जातात. आणि ते तिच्या लक्षात आलं नाही, तुमच्या खात्याच्याही आलं नाही, तर वर्षभराने 4,331 पौंडांच्या वसुलीचं पत्र दारात. नाताळच्या जेवणासाठी एक तास जास्त थांबशील का, असं मुख्य आचाऱ्याने विचारलं तर ती घाबरते. जादा पगाराला घाबरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. जनगणना सांगते की इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी बिनपगारी काळजी घेणारी पन्नास लाख माणसं आहेत. ती उद्या संपावर गेली तर तुमच्याकडे काय उत्तर आहे, याचा विचार मी कधीकधी गाडी चालवताना करते.

आता माझं स्वतःचं. आले तेव्हा नियम असा होता की पाच वर्षं काम करा, कर भरा, नियम पाळा, मग आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना मागा. माझी पाच वर्षं सप्टेंबर 2027 मध्ये भरतात. नोव्हेंबर 2025 मध्ये तुमच्या गृहमंत्र्यांनी प्रस्ताव मांडला की इतरांना दहा, आणि आमच्या श्रेणीच्या कामांना पंधरा वर्षं. आधीच येऊन राहिलेल्यांनाही. म्हणजे 2037. मुलगा चोवीस वर्षांचा असेल, मी एक्कावन्नची.

वर्षं मोजण्याचं मला एवढं वाटत नाही. त्या वर्षांत मी कुणाच्या हातात असेन ते बघा. माझा व्हिसा एका कंपनीला बांधलेला आहे. तिने काढलं, किंवा तिचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसं नेमायचा परवाना, गेलं, की साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर सामान बांधायचं. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात तुम्ही केअर क्षेत्रातली 470 हून जास्त लायसन्स रद्द केलीत, बरंच केलंत, त्यातल्या कित्येकांनी माणसांना अक्षरशः लुबाडलं होतं. पण शिक्षा कुणाला झाली? माझ्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीने ते साठ दिवस कॅलेंडरवर फुल्या मारून काढले. तिची चूक काय, तर तिने तिथे नोकरी केली. माइलेजबद्दल मी पुन्हा का विचारलं नाही, ते आता लक्षात आलं असेल. पाच वर्षं तोंड मिटून राहायची तयारी मी करूनच आले होते. पंधरा वर्षं तोंड मिटलेली माणसं तुमच्या आईवडिलांच्या घरात जाणार आहेत, आणि तिथे काही चुकीचं दिसलं तरी ती बोलणार नाहीत, हे तुम्हाला परवडेल का?

तुमच्यातले काहीजण म्हणतात, बाहेरून माणसं आणली म्हणून या कामाचे पगार वर गेले नाहीत. मला ते पटतं. 2021-22 मध्ये सोशल केअरमधल्या एक लाख साठ हजारांहून जास्त जागा रिकाम्या होत्या, 2024-25 मध्ये 1 लाख 11 हजार. हा फरक आमच्यासारख्यांनी भरला. त्याच काळात ब्रिटिश केअरर कमीच होत गेले, कारण सुपरमार्केटात तेवढेच पैसे मिळतात आणि तिथे कुणाचा पॅड बदलावा लागत नाही. आम्हाला आणून तुम्ही पगारवाढ टाळलीत. पण मार्च 2024 पासून नव्या केअररना मुलाबाळांना आणायची बंदी केलीत, जुलै 2025 पासून परदेशातून भरतीच थांबवलीत, आणि पगार वाढवायचा करार, त्याचे पन्नास कोटी पौंड, ते सगळं पुन्हा 2028 वर. नळ बंद केला, विहीर मात्र खणायला घेतली नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अंगाला हात लावून करायच्या कामाला पंधरा मिनिटांचा कॉल देणारं कंत्राट काउन्सिलला करताच येऊ नये, आणि त्यासाठी लागणारा पैसा 1991 च्या किमतींवरून नव्हे, ट्रेझरीतून यावा. प्रवासाचा वेळ पगाराच्या चिठ्ठीवर वेगळ्या ओळीत दिसावा. ती एक ओळ आली की अर्ध्या लबाड्या आपोआप बंद होतील. 23,250 चा आकडा याच बजेटात वाढवा, त्याला आयोग लागत नाही. कलम 15 अमलात आणायची तारीख ठरवा आणि या वेळी ती पाळा. केअरर्स अलाउन्स मर्यादेपुढे पौंडामागे थोडा थोडा कमी करत न्या, कड्यावरून ढकलू नका. आणि जे पाच वर्षांच्या बोलीवर आले त्यांची बोली पाळा, आमचा व्हिसा कंपनीला न बांधता क्षेत्राला बांधा. यापुढे येणाऱ्यांसाठी काय नियम करायचे ते तुम्ही ठरवा, तो तुमचा अधिकार. आयएलआरच्या प्रस्तावावर हरकती घेण्याची मुदत 12 फेब्रुवारी 2026. माझी मी पाठवली आहे.

शेवटचं एक. तुमच्यापैकी कुणालाही एक सकाळ माझ्याबरोबर यायचं असेल तर या. साडेसहाला निघते. पुढच्या सीटवर हातमोज्यांची खोकी असतात, ती मागे ठेवीन. कंपनीची परवानगी तेवढी तुम्हालाच काढावी लागेल. आजींना मी विचारून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, ‘येऊ दे की. टोस्ट त्यालाच करायला लाव, मी डक. तेवढ्यात तू जरा बस.’

कळावे,
आपली,
सकाळच्या रनवरची एक केअरर